उन्हाळ्यातील घोड्यांची निगा

फाल्गुन सरून चैत्र लागला, की खानदेश, मराठवाडा व विदर्भ या भागांतील हवा कोरडी पडू लागते. वैशाखात दुपारचा पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि काही ठिकाणी त्याहूनही वर जातो. अशा वेळी माणूस सावलीस जातो, बैलांना लिंबाच्या झाडाखाली सोडले जाते; घोड्याचे काम मात्र याच दिवसांत वाढते. लग्नसराईमुळे वरातीच्या घोडीस एकाच दिवसात दोन-दोन ठिकाणी उभे राहावे लागते. पाऊस सुरू होण्यापूर्वी विटा भाजून हलवावयाच्या असल्याने वीटभट्ट्यांवरील तट्टे, खेचरे व गाढवे यांना उसंत नसते. दिवाळीनंतर कोकणात उतरलेली धनगरांची बिऱ्हाडे पावसाळ्यापूर्वी घाट चढून देशावर परततात, तेव्हा त्यांचा सारा संसार तट्टांच्या पाठीवर असतो. टांगा बहुतेक शहरांतून दिसेनासा झाला असला, तरी अनेक कुटुंबांची भाकरी आजही या जनावरांच्या कष्टावर अवलंबून आहे.

दुसरीकडे घोड्यांची संख्या झपाट्याने घटत आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात घोडे व तट्टे मिळून सुमारे ३ लाख ४० हजार होते. २०१२ च्या गणनेच्या तुलनेत ही घट ४५ टक्क्यांहून अधिक होती. भीमा व नीरा नद्यांच्या खोऱ्यांतील काटक तट्टांची पैदास ही महाराष्ट्राची जुनी संपत्ती होय. या तट्टांना भीमथडी या नावाने स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर मान्यता मिळाली, ती अगदी अलीकडे. जे थोडे पशुधन उरले आहे, ते उन्हाळ्यात केवळ अज्ञानामुळे दगावू नये, एवढी काळजी घेणे अगत्याचे आहे.

घोडा पाळणाऱ्यास त्याच्याविषयी माया नसते, असे क्वचितच घडते. अनर्थ घडतो तो बहुधा एका गैरसमजामुळे. जनावर घामाने निथळत नाही, अंगावर फेस दिसत नाही आणि पाण्याकडेही ते फारशी ओढ घेत नाही, तेव्हा त्यास उन्हाचा त्रास होत नसावा, असे धन्यास वाटते. कोरड्या हवेत हा समज घातक ठरतो. उन्हाळ्यातील अश्वसंगोपनाचे बहुतेक नियम हा एक समज दूर झाला म्हणजे आपोआप उलगडतात.

न दिसणारा घाम

स्नायू काम करतात, तेव्हा शरीरात खर्च होणाऱ्या शक्तीचा सुमारे एक चतुर्थांश भागच प्रत्यक्ष ओढण्याच्या वा धावण्याच्या कामी येतो. उरलेल्या सर्व शक्तीची उष्णता होते. घोड्याचे स्नायू मोठे आणि शरीराच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ कमी, त्यामुळे ही उष्णता बाहेर टाकणे त्यास माणसापेक्षा अधिक अवघड जाते. हवा शरीरापेक्षा थंड असेपर्यंत काही उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाते. घोड्याचे स्वाभाविक तापमान ३७.५ ते ३८.५ अंश असते. हवेचे तापमान ४० अंशांच्या पुढे गेले, म्हणजे हवा उलट त्याचे अंगच तापवू लागते. मग मुख्य आधार उरतो तो घामाचा. श्वासोच्छ्वासाबरोबर जाणाऱ्या बाष्पाची त्यास थोडीशी मदत होते. एक लिटर घाम सुकताना शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता आपल्याबरोबर नेतो.

कोकणातील दमट हवेत घाम सुकत नाही. तो ओघळतो, त्याचा फेस होतो आणि तो डोळ्यांस दिसतो. नागपूर, जळगाव किंवा परभणीकडील कोरड्या हवेत तो त्वचेवर येताच उडून जातो. शरीर थंड ठेवण्याच्या दृष्टीने ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु त्यामुळे किती पाणी गेले, याची खूण उरत नाही. खोगीर किंवा पट्टा काढल्यावर त्याखाली आढळणारी ओल आणि केसांवर उरलेली क्षारांची पांढरट रेघ, एवढीच काय ती साक्ष. उन्हात कष्टाचे काम करणारा घोडा तासाभरात दहा लिटर किंवा त्याहूनही अधिक घाम टाकू शकतो.

येथे आणखी एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. माणसाच्या घामात क्षार कमी आणि पाणी जास्त असते. त्यामुळे घाम गेल्यावर रक्त अधिक खारट होते आणि तहान लागते. घोड्याच्या घामात मात्र क्षारांचे प्रमाण जवळजवळ रक्तातील द्रवाइतके किंवा त्याहून थोडे अधिकच असते. पाण्याबरोबर क्षारही गेल्याने रक्ताचा खारटपणा वाढत नाही आणि तहानेची सूचना मेंदूस वेळेवर मिळत नाही. त्यामुळे पाण्याची खरोखर गरज असतानाही घोडा बादलीतून तोंड काढून उभा राहतो, आणि त्याला तहान नाही, असा निष्कर्ष काढला जातो.

शरीरातील पाणी वजनाच्या सुमारे पाच टक्के कमी होईपर्यंत बाहेरून स्पष्ट लक्षणे सहसा दिसत नाहीत. ३०० किलो वजनाच्या तट्टाच्या बाबतीत पाच टक्के म्हणजे १५ लिटर, जवळजवळ एक घागरभर पाणी होय. लक्षण दिसण्याची वाट पाहणारा धनी घागरभर पाण्याने मागे पडलेला असतो. म्हणून उन्हाळ्यात पाणी, मीठ आणि विश्रांती या तिन्ही गोष्टी घोडा मागेल तेव्हा द्यावयाच्या नसून ठरल्या वेळी व ठरल्या मापाने द्यावयाच्या असतात.

पाणी

३०० किलोच्या तट्टास उन्हाळ्यात नुसते ठाणावर उभे असतानाही दिवसाकाठी सुमारे २० ते २५ लिटर पाणी लागते. काम असेल, तर ही गरज ३५ ते ४५ लिटरपर्यंत जाते. मोठ्या घोड्यास त्याहून अधिक लागते. दूध देणाऱ्या घोडीची गरजही अशीच वाढते. हिरव्या चाऱ्याबरोबर बरेच पाणी पोटात जाते. कडब्यावर असलेल्या जनावरास मात्र जवळजवळ सर्व पाणी प्यावेच लागते, हे हिशेबात धरावे.

ठाणाशी चोवीस तास पाणी ठेवता आले, तर उत्तम. तसे शक्य नसल्यास दिवसातून निदान पाच-सहा वेळा आणि रात्री निजण्यापूर्वी एकदा पाणी दाखवावे. पाणी सावलीतील असावे. उन्हात तापलेल्या लोखंडी पिंपातील पाणी घोडा पुरेसे पीत नाही. बर्फ घालण्याचीही आवश्यकता नाही. सावलीतील हौदाचे किंवा रांजणाचे पाणी योग्य असते. भांडे रोज घासावे. शेवाळ, लाळ किंवा वैरणीचा कुजका वास असलेल्या पाण्यास घोडा तोंड लावत नाही. याबाबतीत तो बैलापेक्षा पुष्कळच चोखंदळ असतो. बादल्या मोजून पाणी पाजण्याची सवय ठेवल्यास आज किती कमी गेले, हे संध्याकाळी कळते.

तापलेल्या घोड्यास पाणी पाजले, तर त्याचा पोटशूळ उठतो, अशी समजूत सर्वत्र आढळते. तिच्यापायी कामावरून आलेले जनावर तास-तासभर पाण्यावाचून बांधून ठेवले जाते. ही प्रथा सोडून द्यावयास हवी. कामावरून येताच चार-पाच लिटर पाणी पाजावे, पाच-दहा मिनिटे सावलीत हळूहळू फिरवावे आणि पुन्हा पाजावे. याप्रमाणे टप्प्याटप्प्याने त्याची गरज भागू द्यावी. पाण्याच्या अभावी आतड्यातील चारा कोरडा पडून साचणे, हेच उन्हाळ्यातील पोटशुळाचे एक प्रमुख कारण आहे. पाणी पाजल्याने होणाऱ्या अपायापेक्षा पाणी रोखल्याने होणारा अपाय कितीतरी मोठा असतो.

मीठ

घामावाटे गेलेले सोडियम व क्लोराइड वैरणीतून पुरेसे भरून येत नाहीत, कारण कडबा, गवत आणि धान्य या तिन्हींत मीठ अल्प असते. विश्रांतीवर असलेल्या मध्यम घोड्यास दिवसाला सुमारे ३० ग्रॅम साधे मीठ पुरते. उन्हात भरपूर घाम येईल असे काम असल्यास हे प्रमाण दुप्पट ते तिप्पट करावे आणि ते दोन-तीन वेळांत विभागून चंदीतून द्यावे. लहान तट्टास वजनाच्या मानाने कमी द्यावे. घामातून जाणारे पोटॅशियम मात्र चांगल्या चाऱ्यातून बहुतांशी भरून निघते. वैरण कमी पडू न देण्याचे हे आणखी एक कारण होय.

मीठ देताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे. ज्या जनावरापुढे भरपूर गोडे पाणी नाही, त्यास जादा मीठ मुळीच देऊ नये. मीठ पाण्यात कालवून देण्याचा प्रयोग करावयाचा असल्यास साध्या पाण्याची बादली शेजारी अवश्य ठेवावी. मिठाची वडी गव्हाणीत ठेवणे सोयीचे असते. परंतु कष्टाचे काम करणाऱ्या घोड्याची सर्व गरज केवळ चाटण्याने भागेल, असे समजू नये.

वैरण आणि चंदी

घोड्यास दिवसाला त्याच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के कोरडा आहार लागतो, म्हणजे ३०० किलोच्या तट्टास सहा किलोच्या आसपास. त्यातील मोठा भाग वैरणीचा असावा. तंतुमय चारा पचताना अंगात उष्णता निर्माण होते, हे खरे. म्हणून काही जण उन्हाळ्यात वैरण तोडून चंदी वाढवितात. हा उपाय उलट अंगावर येतो. घोड्याच्या मोठ्या आतड्यातील चारा स्पंजाप्रमाणे पाणी व क्षार धरून ठेवतो आणि कष्टाच्या वेळी हाच साठा शरीराच्या उपयोगी पडतो. वैरण तोडल्यास तो साठाच नाहीसा होतो. तेव्हा वैरणीचे प्रमाण कायम ठेवून तिची वेळ बदलणे हिताचे असते. दिवसाच्या वैरणीचा अधिक भाग सायंकाळनंतर व रात्री द्यावा, पहाटे थोडा द्यावा आणि दुपारी केवळ तोंड चाळवण्यापुरता द्यावा.

कडब्याची कुट्टी करून तीवर पाणी शिंपडल्याने धूळ बसते आणि तेवढेच पाणीही पोटात जाते. लसूणघास किंवा अन्य हिरवा चारा मिळाल्यास उत्तम. मात्र तो एकदम न वाढविता आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावा. पाण्याच्या ताणावर वाढलेली कोवळी ज्वारी विषारी असू शकते, म्हणून ती हिरवी घालू नये. हरभऱ्याची चंदी भिजवून देण्याची पद्धत चांगली आहे. तथापि वैशाखाच्या उष्म्यात भिजविलेले धान्य काही तासांतच आंबते. सकाळी भिजविलेला हरभरा संध्याकाळी वासास लागल्यास तो टाकून द्यावा. तोबऱ्याच्या तळाशी राहिलेले धान्य रोज झटकावे आणि तोबरा धुऊन उन्हात वाळवावा. चंदी दिवसातून दोन-तीन वेळा थोडी थोडी द्यावी. कामावरून धापा टाकीत आलेल्या जनावरास श्वास पूर्ववत होईपर्यंत ती देऊ नये.

ठाण आणि सावली

ठाणाची लांबी पूर्व-पश्चिम असावी, म्हणजे सकाळ-सायंकाळचे तिरपे ऊन आत फारसे शिरत नाही. पत्र्याचे छप्पर दुपारी भट्टीप्रमाणे तापते. त्यावर पाचट, तुराट्या किंवा ज्वारीची ताटे यांचा थर अंथरावा किंवा निदान चुन्याची पांढरी सफेदी द्यावी. छप्पर उंच असावे आणि बाजूच्या भिंती वारा अडविणाऱ्या नसाव्यात. झळांच्या दिशेस वाळ्याचे किंवा गोणपाटाचे पडदे बांधून त्यांवर पाणी शिंपडल्यास कोरड्या हवेत चांगला गारवा येतो. हाच उपाय दमट किनारपट्टीवर फारसा उपयोगी पडत नाही. तेथे पडद्यापेक्षा मोकळ्या वाऱ्याचेच महत्त्व अधिक असते. लीद व मूत्र दिवसातून दोन वेळा काढावे. कोंदट तबेल्यात मुत्राची उग्र वाफ साचून छातीस अपाय होतो.

गवती छप्पर आणि वैरणीची गंज यांबरोबर आगीचा धोका येतो. चिपळूणजवळ छावणी करून असलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांच्या काळी गेलेले पत्र इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. साठविलेला दाणा व वैरण मन मानेल तशी उधळल्यास पुढे घोडी उपाशी मरतील, गवताजवळ दिवा व विस्तव जपून वापरावा आणि रयतेस उपद्रव देऊ नये, असा त्याचा आशय आहे. सुमारे साडेतीनशे वर्षांनंतरही पागेच्या व्यवस्थेस ही सूचना तंतोतंत लागू पडते. उन्हाळ्याची वैरण माघ-फाल्गुनातच मापून साठवावी, गंज ठाणापासून दूर रचावी आणि जवळ पाण्याचे पिंप व वाळूच्या बादल्या ठेवाव्यात.

तबेला बांधण्याची ऐपत नसेल, तेथे झाडाची सावली कमी मोलाची नाही. लिंब, चिंच व वड यांची सावली दाट असते आणि तीखालून वाराही वाहतो. मात्र सावली सरकते. सकाळी सावलीत बांधलेले जनावर दुपारी उन्हात सापडते, हे ध्यानात ठेवून दोरी वेळोवेळी हलवावी.

खरारा, अंघोळ आणि खुरे

खरारा ही केवळ शोभेची बाब नव्हे. धूळ, मेलेले केस आणि वाळलेल्या घामाचे क्षार यांचा थर त्वचेवर साचला, तर नवा घाम नीट सुकत नाही आणि साजाखाली अंग सोलवटते. रोज सकाळी खरारा करताना पाठ, छाती व काखा हाताने चाचपाव्यात. जखम आढळल्यास ती भरून येईपर्यंत त्या जागी साज टाकू नये. उन्हाळ्यात माशा बसून अशी जखम लवकर चिघळते.

काम संपल्यावर साज काढून घोड्याच्या सर्वांगावर पाणी ओतावे. घामेजलेल्या घोड्यावर गार पाणी टाकल्यास त्याचे अंग आखडते, ही समजूत पुढे आलेल्या अनुभवावर टिकलेली नाही. १९९६ साली अमेरिकेतील अटलांटा येथे उन्हाळ्यात ऑलिंपिक सामने भरले. त्यांच्या पूर्वतयारीत घोड्यांवर उष्णतेच्या परिणामांचा सविस्तर अभ्यास झाला, आणि गार पाण्याने अंग भिजविणे हा तापलेला घोडा निववण्याचा सुरक्षित व परिणामकारक मार्ग असल्याचे दिसून आले. पाण्याची टंचाई असेल, तेथे ओल्या फडक्याने मान, छाती आणि मांड्यांची आतील बाजू वारंवार पुसून वाऱ्यावर उभे करावे. कोरड्या हवेत थोडे पाणीही पुष्कळ काम करते. ओले पोते मात्र अंगावर पांघरून ठेवू नये; ते लवकरच तापते आणि वारा अडवून उष्णता आत कोंडते.

कोरड्या जमिनीवर खुरांस भेगा पडतात. रोज खूर उचलून खडे काढावेत आणि साधारणपणे दर सहा आठवड्यांनी नालबंदाकडून खूर तासून नाल बदलून घ्यावेत. दुपारच्या डांबरी रस्त्यावर उभ्या असलेल्या घोड्यास वरून ऊन आणि खालून रस्त्याची धग अशी दोन्हीकडून झळ बसते. वरातीच्या घोडीवर या दोहोंखेरीज मखमली झुलीचा भार असतो. मिरवणूक थांबलेली असेल, तेवढा वेळ तिला सावलीत घेणे, झूल शक्य तितकी हलकी ठेवणे आणि दर थांब्यावर पाणी दाखविणे, एवढे वधुवरांच्या मंडळींनीही आवर्जून पाहावे.

कामाचे तास आणि कायदा

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. त्याखालील ओझे वाहणाऱ्या व गाडी ओढणाऱ्या प्राण्यांविषयीचे नियम १९६५ सालचे आहेत. ज्या भागात तापमान ३७ अंशांपेक्षा अधिक असेल, तेथे दुपारी १२ ते ३ या वेळात कोणत्याही जनावरास गाडीस जुंपणे किंवा त्याच्यावर ओझे लादणे या नियमांन्वये मना आहे. दिवसभरात एकूण नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही. पाठीवरील ओझ्याची कमाल मर्यादा तट्टास ७० किलो, खेचरास २०० किलो आणि गाढवास ५० किलो अशी आहे. गाडीत चालक आणि सहा वर्षांखालील मुले वगळता चारांहून अधिक उतारू बसविता येत नाहीत.

महाराष्ट्राच्या अंतर्भागात एप्रिल व मे महिन्यांत दुपारचे तापमान ३७ अंशांच्या खाली राहण्याचे दिवस विरळाच. म्हणजे उन्हाळाभर दुपारची सक्तीची विश्रांती हा या भागातील प्रत्येक ओढकाम्या जनावराचा कायदेशीर हक्क ठरतो. ही बाब अनेक भट्टीमालकांस, गाडीवानांस आणि खुद्द ग्रामपंचायतींसही ठाऊक नसते. मजुरी खेपांवर ठरत असेल, तर गाडीवान दुपार वाया घालविण्यास धजत नाही. म्हणून पहाटे पाचला काम सुरू करून दहा-साडेदहाला थांबविणे आणि सायंकाळी पुन्हा दोन-तीन तास चालविणे, असे वेळापत्रक मालक व गाडीवान यांनी हंगामाच्या आरंभीच ठरवून घ्यावे. असे केल्यास खेपाही बुडत नाहीत आणि जनावरही वाचते.

हिवाळ्यात नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगाव येथील यात्रांत घोड्यांची मोठी खरेदी-विक्री होते. थंड प्रदेशातून आणलेला घोडा पहिल्याच उन्हाळ्यात अधिक जपावा लागतो. नव्या हवेची सवय अंगी लागण्यास निदान दोन ते तीन आठवडे लागतात. तेवढ्या काळात काम हळूहळू वाढवावे. मारवाडसारख्या उष्ण प्रदेशातील जनावर ऊन अधिक सोसते, परंतु पाणी व मीठ यांची गरज त्यासही तितकीच असते.

दिवसाचा क्रम

वरील सर्व सूचना एका दिवसात बसवावयाच्या झाल्यास साधारण क्रम असा राहील. पहाटे चार-साडेचारला पाणी, थोडी वैरण आणि चंदी. त्यानंतर खरारा व खुरांची पाहणी. पाच-साडेपाचपासून दहापर्यंत काम आणि त्यात दर तास-दीड तासाने पाणी. दहानंतर साज उतरवून टप्प्याटप्प्याने पाणी पाजणे, अंग भिजविणे आणि श्वास शांत झाल्यावर मीठ घातलेली थोडी चंदी. अकरा ते चार सावलीत विश्रांती. या वेळात दोन-तीनदा पाणी आणि मूठभर ओली कुट्टी. चारनंतर ऊन कलल्यावर आवश्यक तेवढे काम. सूर्यास्तानंतर अंघोळ, चंदी आणि दिवसातील मुख्य वैरण. रात्री नऊ-दहाच्या सुमारास पुन्हा पाणी दाखवून ठाण पाहून घेणे.

या क्रमात दोन मिनिटांची तपासणी बसवावी. विश्रांतीच्या वेळी घोड्याचा श्वास मिनिटाला ८ ते १६ आणि नाडी सुमारे ३० ते ४० असते. कुशीकडे पाहून श्वास मोजता येतो. हिरडी बोटाने दाबून सोडल्यावर तिचा गुलाबी रंग दोन सेकंदांत परतला पाहिजे. खांद्यापुढील त्वचा चिमटीत धरून सोडल्यावर ती तत्काळ सपाट झाली पाहिजे. चिमटीची घडी रेंगाळल्यास शरीरात पाणी कमी आहे, असे समजावे. लीद नेहमीपेक्षा कमी, लहान व कोरडी पडणे ही पोटशुळाची आगाऊ सूचना होय.

उष्माघात

काम थांबवून अर्धा तास सावलीत उभे केल्यावरही श्वास जोराने चालू राहणे, नाकपुड्या फुललेल्या असणे, हिरड्या लाल वा काळपट होणे, पाय अडखळणे, कुशीत उचक्यांसारखे झटके येणे आणि अंग तापलेले असूनही घाम थांबणे, ही उष्माघाताची लक्षणे होत. गुदद्वारातील तापमान ४० अंशांच्या पुढे गेले व ते उतरत नसेल, तर धोका ओळखावा. ४१ अंशांच्या पुढे प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

अशा वेळी प्रथम साज तोडून का होईना, दूर करावा. जवळच्या सावलीत नेऊन सर्वांगावर गार पाणी ओतण्यास सुरुवात करावी आणि ते ओतीतच राहावे. पाणी कमी असल्यास अंग भिजवून पंख्याने, टोपल्याने किंवा कापडाने वारा घालावा. पिण्यास पाणी पुढे ठेवावे, परंतु नळीने वा बाटलीने बळेच घशात ओतू नये. ते फुप्फुसात जाऊन जनावर दगावू शकते. तापमान ३९ अंशांपर्यंत उतरल्यावर ओतणे थांबवून लक्ष ठेवावे. दरम्यान पशुवैद्यकास बोलवावे. पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. जनावर त्या दिवशी सावरल्यासारखे दिसले, तरी मूत्रपिंडे, स्नायू व खुरे यांवरील परिणाम पुढील काही दिवसांत प्रकट होऊ शकतात. म्हणून पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय त्यास पुन्हा कामास जुंपू नये.

गावाची जबाबदारी

एका गरीब गाडीवानाने ठरविले, तरी रस्त्यावर पाणी व सावली निर्माण करणे त्याच्या हाती नसते. ते काम गावाचे आहे. पूर्वी विहिरीशेजारी जनावरांसाठी दगडी हाळ असे. नळयोजना आल्या, विहिरी ओस पडल्या आणि हाळही कोरडे राहिले. ग्रामपंचायतींनी बाजारतळ, गाडीतळ व भट्ट्यांकडे जाणारे रस्ते येथील जुने हाळ दुरुस्त करावेत किंवा नवे बांधावेत आणि उन्हाळ्याचे चार महिने ते रोज धुऊन भरले जातील, अशी नेमणूक करावी. हाळावर झाडाची किंवा मांडवाची सावली अवश्य असावी.

सामाईक पाण्याबरोबर एक सावधगिरीही यावयास हवी. ग्लँडर्स हा घोड्यांचा जिवाणूजन्य रोग माणसासही होऊ शकतो आणि तो सामाईक हाळ व तोबरे यांवाटे पसरतो. २००६ साली महाराष्ट्रात त्याचा प्रादुर्भाव झाला होता. नाकातून घट्ट चिकट स्राव येत असलेले किंवा अंगावर फुटणाऱ्या गाठी असलेले घोडे, खेचर वा गाढव हाळावर आणू देऊ नये आणि त्याची माहिती तत्काळ पशुवैद्यकीय दवाखान्यास द्यावी. शक्य तेथे प्रत्येकाने हाळातून आपल्या बादलीत पाणी घेऊनच जनावरास पाजावे.

ग्रामसभेपुढे १९६५ चे नियम वाचून दाखविणे, भट्टीच्या परवानगीच्या वेळी जनावरांसाठी सावली व पाण्याची सोय पाहणे आणि बाजारच्या दिवशी दुपारी बारा वाजता गाड्या सुटल्या की नाही याकडे लक्ष देणे, यांस मोठा खर्च येत नाही. शिक्षकांनाही यात वाटा उचलता येईल. घोड्याचा श्वास मोजणे, त्वचेची चिमटी पाहणे, दिवसभरात प्यालेल्या बादल्यांची नोंद ठेवणे या गोष्टी मुलांना सहज जमतात. गाडीवानाच्या घरचेच मूल त्या शाळेत असेल, तर शिकविलेला धडा त्याच संध्याकाळी ठाणापर्यंत पोहोचतो.

कोरड्या उन्हात घोड्याच्या अंगावर घाम दिसत नाही. तो मोजावयाचा असतो रिकाम्या झालेल्या बादल्यांवरून. बादली वेळेवर भरणारा हात घरात असला आणि ती भरण्याजोगा हाळ गावात असला, म्हणजे वैशाखाची दुपार कितीही कडक असली, तरी मृगाचा पहिला पाऊस ते जनावर आपल्या ठाणावर उभे राहून पाहते.